गोळीबंद

आठव्या गल्लीत, जिन्याखालच्या गाळ्यात माझं दुकान.
पाटीवर रंगाऱ्यानं तिरामिसूचा ‘ति’ दीर्घ काढलाय,
दुरुस्तीचे वेगळे पैसे सांगितले,
म्हणून राहू दिला. चवीला फरक पडत नाही.

रात्री साडेनऊनंतर माणसं येतात
तांबडा-पांढरा ओरपून, कपाळावर घाम घेऊन.
ताई, जिभेवर कायतरी गार ठेवा.
मी ठेवते.
कॉफी पिऊन मऊ पडलेली इटलीची बिस्किटं,
तुर्कांचा बकलावा,
लिस्बनच्या अंड्याच्या वाट्या, वरून डाग दिलेल्या
जसे पूर्वी पोटदुखीला पोरांना देत.

यातलं एकही गाव मी पाहिलेलं नाही.
पासपोर्टचे फोटो काढले होते एकदा, फॉर्म राहिला.
माझं सगळं परदेश
पुण्यातल्या सहा महिन्यांच्या कोर्सचं,
आणि एका जाड पुस्तकाचं, ज्याची पानं
आता लोण्यानं पारदर्शक झालीत.

अण्णा दारातल्या स्टुलावर बसतात, रस्त्याकडं तोंड करून.
केरबा गुळव्या.
वडणग्यापासून कागलपर्यंत
त्यांनी मान हलवल्याशिवाय काहील खाली आली नाही कुणाची.
गुऱ्हाळं एकेक करून विझली,
कारखान्यानं ऊस नेला,
आणि साखर उरली ती अण्णांच्या रक्तात.
गोड बंद. डॉक्टरांनी खाली दोन रेघा ओढल्यात.

खात नाहीत. विचारतात मात्र सगळं.
हे काय?
बकलावा, अण्णा.
म्हंजे चिरोट्याचा पाव्हणा.
आणि हे? अर्जेंटिनात दूध-साखर आटवतात, तांबूस होईस्तोवर.
खाली लागलं म्हण की सरळ.
जपानच्या मोचीवर मात्र बराच वेळ गप्प होते.
तांदूळ कुटतात? कशानं?
लाकडी घणानं. एक मारतो, एक मधे हात घालून उलथतो.
मग एकमेकांवर भरवसा पायजे, म्हणाले.
त्या दिवसापासून जपानबद्दल त्यांचं मत चांगलं आहे.

परवा उचगावच्या साखरपुड्याची ऑर्डर होती.
फ्रान्सचं कस्टर्ड, बत्तीस वाट्या,
उलटी केली की तांबूस पाक अंगावर ओघळणारं.
गॅसवर साखर, हातात थर्मामीटर,
काट्यावर अजून दहा अंश बाकी.
दारातून पाठमोरा आवाज आला: उतीव.
थांबा अण्णा, दहा राहिलेत.
दहा झाले तेव्हा पातेल्यात डांबर होतं.

दुसऱ्यांदा थर्मामीटर ओट्यावर ठेवला.
फक्त त्यांच्या पाठीकडं बघत उभी राहिले.
सदऱ्यावर घामाचा नकाशा,
रस्त्यावरून रिक्षा, शेजारी मिक्सर, कुणाचं तरी हॉर्न.
आता.
उतरवलं.
जुन्या पितळेच्या तपेलीचा रंग.

तुम्ही तर वळून पण बघितलं नाही.
बघायचं काय त्यात? बुडबुडा जड बोलाय लागला.

मग उठले. वाटीत गार पाणी मागितलं,
चमच्यानं त्यात दोन थेंब सोडले,
बोटांत धरून गोळी फरशीवर टाकली.
टण्.
रेश्मा भांडी घासायची थांबली.
अण्णांनी गोळी उचलली, उजेडात धरली.
पुस्तकात ह्याला काय म्हणतात?
मी फ्रेंच नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली,
नावाला नव्हे, रंगाला.

लहानपणी चिपाडाच्या टोकावर
ते मला गरम गूळ गुंडाळून द्यायचे,
फुंकर मारून, दोनदा.
त्या पदार्थाला नाव नव्हतं. पुस्तकात तो नाही,
मी शेवटच्या पानापर्यंत शोधलाय.

बत्तीसच्या बत्तीस वाट्या उचगावला गेल्या.
शटर ओढलं, स्कूटर काढली.
मागं अण्णा, एक हात माझ्या खांद्यावर घट्ट,
दुसरा खिशात, मुठीत काही असल्यासारखा.
मी विचारलं नाही.
रंकाळ्यावर वारा होता, दोघंही बोललो नाही.

सकाळी माझ्या ओढणीवर,
खांद्याच्या बरोबर वर,
चार बोटं आणि एक अंगठा,
आणि मुंग्यांची रांग, शिस्तीत.